हट्ट्याचा विस्तव, हिंगोलीची चूल

१२ एप्रिल १९४४, हट्टा

लॉरी मिळाली. जवळा बाजारचा धर्मसिंग ड्रायव्हर आज सरकीची पोती टाकायला गावात आला होता. त्याने शाळेच्या दारात उभं राहून स्वतः सांगितलं, "अक्षय तृतीयेला सकाळी तुमच्या दारात गाडी लावतो, मास्तर. जबान दिली."

म्हणजे आता जायचं ठरलंच. बदलीचा हुकूम आला त्याला महिना झाला. सव्वीस तारखेला हिंगोलीच्या शाळेत हजर व्हायचं आहे. एकवीस वर्षं याच गावात शिकवलं. इथूनच पेन्शनीत जाईन असं धरून चाललो होतो. घरात आता आम्ही दोघंच. लेकीचं लग्न गेल्या वर्षी झालं. तिचं सासर हिंगोलीहून जवळ पडेल हे मी चार वेळा पटवून दिलं, तेव्हा कुठे गोजरबाई तयार झाली. (सगळं गाव बायकोला गोजरबाई म्हणतं, म्हणून वहीत मीही तसंच लिहितो.)

तयार झाली, पण एका अटीवर. "मी येते. पर माझ्या चुलीचा इस्तू संगं येईल. दिवस मावळायच्या आत नव्या चुलीत त्योच पडला पायजे. वाटंत इझला तर मी त्याच गाडीत बसून माघारी. तुमी खुशाल खानावळीत जेवा."

ही थट्टा नाही. आमची आई वारली त्या वर्षी तिने सुनेला चुलीपाशी बसवून सांगितलं होतं की हा विस्तव विझू द्यायचा नाही. रात्री राखेखाली झाकायचा, पहाटे फुंकून उघडायचा. बावीस वर्षांत आमच्या घरात काडी ओढून चूल पेटवलेली मी पाहिलेली नाही. याचा मला अभिमान आहे. लढाई सुरू झाल्यापासून काडेपेटी धड मिळत नाही, तरी आमचं कधी अडलं नाही.

बैलगाड्यांनी गेलो तर वाटेत दोन मुक्काम पडतात. तेवढा वेळ गाडग्यात विस्तव टिकत नाही. म्हणून लॉरी.

१४ एप्रिल

पेट्रोल लढाईवर जातं, म्हणून धर्मसिंगची लॉरी कोळशावर चालते, हे आज गोजरबाईला समजावून सांगितलं. मागे लोखंडी भट्टी, तिच्यात लोणारी कोळसा, त्याचा धूर नळीतून इंजिनात.

"म्हंजी मोटारीच्या पाठीला चूल बांधलीया?"

"तसंच समज."

"तिला जेवाय कोण घालतं?"

"धर्मसिंग."

"मंग मिशा ठिवून चूल फुंकतो म्हना की." असं म्हणून ती पुष्कळ वेळ हसली. मोटारीवरचा तिचा राग त्यानंतर जरा उतरला आहे.

२० एप्रिल

आज मी मोटार चालवली. म्हणजे मोटार चालली आणि मी तिच्यात होतो.

धर्मसिंग सामान बघायला आला होता. मी चाकाकडे टक लावून पाहतोय हे त्याने ओळखलं. "बसा ना मास्तर. बैलं हाकता न्हाई का? त्याच्याहून सोपं." गावाबाहेरच्या गायरानात त्याने मला बसवलं. पायाखाली तीन पायटे, डाव्या हाताशी गेरचा दांडा. पहिली पन्नास पावलं ठीक गेली. मग समोर उत्तमरावच्या कडब्याची गंजी आली. उत्तमराव माझा धाकटा भाऊ, आमची जमीन तोच कसतो. मी "हो हो हो" म्हणत चाक दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं. कासरा ओढल्यावर बैल थांबतात. मोटार थांबली नाही. गंजीत शिरली आणि मग थांबली.

उत्तमराव धावत आला. पेंढ्या बाजूला करून त्याने माझं तोंड शोधलं. "दादा, मोटारीला बी कडबा लागतो व्हय?"

धर्मसिंग म्हणाला, "मास्तर, बैलाला कान हायेत, हिला न्हाईत. हिला पायानं सांगावं लागतं."

एवढं सोडलं तर माझा हात बसला आहे असं मला वाटतं.

२४ एप्रिल

बांधाबांध झाली. जातं, दोन लोखंडी पेट्या, भांडी, हंडे, वाकळा, माझं लिहायचं मेज. मेज न्यायलाच हवं का, असं गोजरबाईने विचारलं. मेजाशिवाय मी मास्तर कसला, असं मी म्हणालो.

विस्तवासाठी जाड बुडाचं गाडगं, त्यात राख, आणि वाटेत घालायला गोवऱ्यांची एक वेगळी टोपली.

संध्याकाळी शेजारच्या पार्वतीबाई आल्या. आमची आणि त्यांची भिंत एक. दोघी चुलीपुढे बसून होत्या. उठताना पार्वतीबाई म्हणाल्या, "गोजरे, इस्तवाला जप गं माय. तिथं मी न्हाई, पाठीमागच्या दारानं येयाला." दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. हसता हसता गोजरबाईने तोच पदर डोळ्यांना लावला. ओल्या सरपणाचा धूर फार झाला होता.

मागच्या दाराचा आणि विस्तवाचा काय संबंध ते कळलं नाही. बायकांच्या बोलण्यात असं बरंच असतं.

२५ एप्रिल, दुपार. औंढ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला

दगडावर बसून लिहितो आहे. लॉरी बंद पडली आहे. चूक माझी. चुका दोन आहेत, त्या क्रमाने लिहितो.

सकाळी लॉरी वेळेवर आली. धर्मसिंगने सगळं सामान उतरवून पुन्हा भरायला लावलं. "आमचा आजा बैलाच्या पाठीवर मीठ-दाणा लादून मुलूख फिरायचा. दोन्ही बाजूच्या गोण्या बराबर नसल्या तर कोसभर बी ठेवायचा न्हाई. बैल बोलत न्हाई, पाठ सोलून दावतो. ही तर पलटीच मारंल." जातं एका बाजूला, पेट्या दुसऱ्या बाजूला, असं ठरलं. मेजाला जागा उरली नाही. तो पाणी भरायला गेला तेव्हा मी त्याच्या कोळशाच्या दोन पोत्यांतलं एक हळूच काढून उत्तमरावच्या गोठ्यात ठेवलं आणि त्या जागी मेज सरकवलं. वजन बराबर राहिलं म्हणून माझं मलाच कौतुक वाटलं. ही पहिली चूक.

तोवर लॉरीची भट्टी विझली होती आणि ती पुन्हा पेटवायला धर्मसिंगकडे काडी नव्हती. त्याने आमच्या चुलीतला विस्तव मागितला. गोजरबाई उंबऱ्यात थबकली. "सणाच्या दिशी घरचा इस्तू बाहीर देत न्हाईत." मग लॉरीच्या पाठीकडे पाहून म्हणाली, "पर तुमची बी चूलच म्हना." तिने भट्टीच्या दाराला हळदीकुंकू लावलं आणि उलथन्यावर निखारे आणून दिले. मी पाव तास पंखा फिरवला. धर्मसिंग पुढे जाऊन हँडल मारायला लागला. तिसऱ्या खेपेला हँडलने उलटी लाथ मारली. इंजिन चालू झालं, पण त्याचं उजवं मनगट बघता बघता वांग्यासारखं फुगलं.

आता? आजचा मुहूर्त, उद्या हजर व्हायचं, गाडग्यात विस्तव भरलेला. धर्मसिंगचा भाऊ हिरासिंग लॉरी चालवतो, पण तो परवापर्यंत मोकळा होत नाही. धर्मसिंगने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं.

"मास्तर, तुमी चाक धरा. गेर मी डाव्या हातानं टाकतो. फकत चाक वढू नका."

उत्तमराव म्हणाला, "थांबा, आधी मी वाटेतल्या गंज्या हलवायला सांगतो."

पार्वतीबाई वेशीपर्यंत आल्या. गोजरबाई मागे सामानात बसली, गाडगं दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. पुढे बस म्हटलं तर नको म्हणाली. मोटारीची भीती वाटत असावी, कारण जवळा बाजार येईपर्यंत ती मागे हट्ट्याकडे तोंड करून बसली होती.

जवळ्यात आज बाजार. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या भेल्या, बांगड्यांची दुकानं रस्त्यापर्यंत. धर्मसिंग भोंगा दाबत होता, मी देवाचं नाव घेत होतो. एक शेळी आमच्या पुढे चालत होती. बाजार संपेपर्यंत ती पुढेच राहिली. कोणाला काही लागलं नाही. एका म्हातारीने मला पाहून हात जोडले. बहुधा हट्ट्याची असावी, मास्तरला ओळखलं.

औंढ्याचा चढ लागला आणि लॉरी धापा टाकायला लागली. धर्मसिंगने थांबवायला सांगितलं. पायाने सांगितलं आणि ती थांबली, हे नमूद करतो. तो इंजिनासाठी पाणी आणायला ओढ्याकडे उतरला. मी भट्टीत डोकावलो. कोळसा तळाला गेला होता. पोतं रिकामं, दुसरं उत्तमरावच्या गोठ्यात. धर्मसिंग यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. मी गोजरबाईच्या टोपलीतल्या गोवऱ्या उचलल्या.

"अवो, त्या माझ्या गाडग्याच्या हायेत!"

"दोन ठेवल्यात."

"दोनात काय व्हतंय? आन् काहून घालता तिच्यात?"

"विस्तव तो विस्तव," मी म्हणालो आणि वीस गोवऱ्या भट्टीत कोंबल्या. ही दुसरी चूक.

लॉरी दोन फर्लांग गेली. मागून पिवळा धूर असा निघाला की कावळे उडाले. मग ती खोकली, शिंकली आणि गप्प झाली. धर्मसिंगने झाकण उघडलं.

"ह्याच्यात काय घातलं?"

"गोवऱ्या."

"कोळसा कुठं हाय?"

मेजाची हकीकत सांगितली. तो दगडावर बसला. वाटलं आता शिव्या देणार. तो हसायला लागला. सुजलेला हात पोटाशी धरून हसत राहिला. "मास्तर, ही चूल हाय, पर भाकरीची न्हाई! सगळ्या नळ्या चिकट झाल्या असतील. आता आग काढावी लागंल, नळ्या धुवाव्या लागतील."

भट्टीतली आग आम्ही काढली. म्हणजे आमच्या चुलीचा अर्धा विस्तव गेला. आता सगळं त्या गाडग्यावर आहे.

सुदैवाने टेकडीमागेच धर्मसिंगच्या चुलतीचा, रूपाबाईचा तांडा आहे. तिथले लोक कोळसा पाडतात. आमचा धूर बघून रूपाबाईच इकडे आली. गोजरबाईने गाडग्याचं झाकण बोटभर उचलून आत पाहिलं आणि लगेच खाली ठेवलं. मी बघायला वाकलो तर पदर घातला.

"वारा लागंल," म्हणाली.

"जिवंत आहे ना?"

"तुमी तुमच्या नळ्या धुवा."

गाडगं कडेवर घेऊन ती रूपाबाईबरोबर तांड्याकडे गेली आहे. चालताना घाईत होती. मला काळजी वाटते. ती माघारी गेली तर हिंगोलीत दोन खोल्या, एक मेज आणि मी. बावीस वर्षांत मी एकट्याने कधी जेवलेलो नाही.

२६ एप्रिल, सकाळ. हिंगोली

विस्तव पोचला. आधी एवढं लिहून टाकतो, मग चहा.

काल तासाभराने दोघी परत आल्या. मागे तांड्यातला सेवा नावाचा गडी कोळशाचं पोतं पाठीवर घेऊन. गोजरबाईने माझ्यासमोर झाकण उघडलं. आत निखारा लालभडक फुललेला. गाडगं काठोकाठ.

"दोन गोवऱ्यांवर एवढा?" मी विचारलं.

"जुना इस्तू हाय. हट्टी हाय," गोजरबाई म्हणाली.

रूपाबाईने हातातल्या बांगड्या वाजवत मान हलवली. "लई जुना हाय, मास्तर. बावीस वर्साचा. मला समदं सांगितलं हिनं." आणि दोघी अशा हसल्या की रूपाबाईला डोळे पुसावे लागले. तासाभराची ओळख, पण जन्माच्या मैत्रिणी वाटत होत्या. रूपाबाईने निघताना तिच्या पदरात भाजलेल्या शेंगा बांधल्या आणि "माघारी येशील तर हिकडूनच ये, न्हाई आलीस तर आणखी बरं" असं काहीतरी म्हणाली.

गाडग्यातल्या निखाऱ्याने धर्मसिंगने भट्टी पेटवली. या खेपेला पंखा सेवाने फिरवला, हँडल मी मारलं. हँडलला माझी दया आली असावी.

चढ संपला, उतार लागला. उतारावर धर्मसिंग म्हणाला, "मास्तर, वढू नका." मी ओढत नव्हतो, फक्त घट्ट धरलं होतं. औंढ्याच्या नागनाथाला चाकावरूनच मान लववली, हात सोडायची हिंमत झाली नाही. गोजरबाई आता मागे उभी राहून टपाच्या दांड्याला धरून पुढे बघत होती. "अवो, पुढं म्हैस हाय. अवो, डाव्या अंगाला दगूड." धर्मसिंग म्हणाला, "बाई चाकावर असत्या तर कवाच पोचलो असतो." हे त्याने थट्टेने म्हटलं.

हिंगोली दिसली तेव्हा सूर्य हातभर वर होता. आमचा बोळ सापडला. घर दिसलं, दोन खोल्यांचं, पुढे दगडी ओटा. दारात माणसं जमलेली. इतकी माणसं बघताहेत म्हटल्यावर गाडी जरा ऐटीत लावावी असं मनात आलं.

आणि ओटा जवळ आला तसं मी "हो हो" म्हणून चाक ओढलं.

लॉरी ओट्याला टेकली. फार नाही. ओट्याचा एक चिरा हलला, लॉरीचा एक दिवा फुटला, मेजाचा एक पाय गेला. पण मागून खळ्ळ असा आवाज आला, तो मी जन्मभर विसरणार नाही. मी उडी टाकून मागे धावलो. गोजरबाई उभी होती. तिला काही लागलं नव्हतं. तिच्या पायांशी गाडग्याच्या खापऱ्या, राख, आणि रस्त्यावर निखारे विखुरलेले. ते एकेक करून काळे पडत होते. मी बोटांनी उचलायला गेलो, चटका बसला.

"गोजरे," मी म्हणालो. चारचौघांत मी तिला नावाने कधी हाक मारत नाही. "गोजरे, मी ओढलं. मी पुन्हा ओढलं."

सूर्य समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर होता. ती परत जाते म्हणाली असती तर मला बोलायला तोंड नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं. मग जमलेल्या बायकांकडे पाहिलं. त्यांतली एक ठेंगणी बाई पुढे झाली होती, पाण्याचा तांब्या घेऊन, माझ्या बोटांवर ओतायला.

गोजरबाईने साडीची राख झटकली आणि धर्मसिंगला हाक मारली. "दादा, तुमच्या चुलीत हाय न्हवं आपला इस्तू?"

धर्मसिंग क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग मोठ्याने म्हणाला, "हाय म्हंजे? बराबर हाय, बाई! हट्ट्याचाच हाय!" त्याने डाव्या हाताने भट्टीचं खालचं दार उघडलं. गोजरबाईने उलथनं पुढे केलं आणि लालबुंद निखारे काढले. तशीच तरातरा घरात गेली. उंबरा ओलांडला, चुलीत निखारे घातले, फुंकर घातली. जाळ उठला तेव्हा दारातून आलेलं ऊन अजून भिंतीवर होतं.

ठेंगण्या बाईने दूध आणून दिलं. ते उतू गेलं. सगळ्यांनी गूळ खाल्ला. ओट्यावर गाडी का चढली असं कोणी विचारलं नाही. धर्मसिंगने सांगितलं की हट्ट्याकडे तशीच रीत आहे.

आमच्या आईचा विस्तव तीस-पस्तीस मैल मोटारीतून आला आणि एकदाही विझला नाही. असं या मुलखात पूर्वी कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

२६ एप्रिल, संध्याकाळ

शाळेत हजर झालो. हेडमास्तरांनी हाताच्या फडक्याबद्दल विचारलं. मोटार चालवताना, असं सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली.

घरी आलो तर मागच्या दाराशी कालची ठेंगणी बाई. मंजुळाबाई नाव, भिंतीला भिंत लागून राहतात. हातात खापरी. "बाई, काडीपेटी मिळंना झालीया. इस्तू देता का जरासा?"

मला वाटलं गोजरबाई सांगेल की हा साधा विस्तव नाही, बावीस वर्षांचा आहे. तिने ते सांगितलं नाही. चांगले पाच-सहा निखारे खापरीत घातले आणि म्हणाली, "न्या की. आन् माझा इझला तर मी कुणाकडं यावं?"

"मी हाय न्हवं. ह्याच दारानं या."

मग दोघी उंबऱ्यातच बसल्या. दिवेलागणीपर्यंत बसल्या. खापरीतले निखारे विझून मंजुळाबाईंना दुसरे न्यावे लागले. मी मेजाला वीट लावून लिहीत होतो. मधून हसण्याचा आवाज येत होता. एकदा "वीस गोवऱ्या" असे शब्द ऐकू आले.

परत जाण्याचं तिने काल-आज एकदाही काढलेलं नाही. विस्तव राखला म्हणून हे झालं.

धर्मसिंगच्या मनगटाची सूज उतरते आहे. हिरासिंग उद्या सकाळच्या गाडीने पूर्णेहून येतो असा निरोप स्टेशनवरच्या हमालाने आणून दिला. लॉरी तो नेणार. मी जवळा बाजारपर्यंत चालवत येतो म्हटलं, तर धर्मसिंगने दोन्ही हात जोडले. दुखरासुद्धा. गोजरबाईने पार्वतीबाईंसाठी निरोप दिला आहे, "सांगा, हितं बी मागचं दार हाय." तेवढंच सांगायचं, त्यांना कळेल म्हणाली.

उद्या सहा वाजता धर्मसिंग खोरं घेऊन आमच्या चुलीशी येईल. भट्टीला विस्तव इथूनच जायचा आहे. पंखा मी फिरवायचा असं ठरलं आहे.